तस्करीतून सुटून आली, पण नावावर केस तशीच? नाशिकमध्ये कुठून सुरुवात करायची

आधी एक गोष्ट सांगून टाकते म्हणजे कोर्टाबाहेर कोणी "रेकॉर्ड क्लिअर करून देतो, एवढे द्या" म्हणाला तर तुम्ही पर्समध्ये हात घालणार नाही. आपल्याकडे रेकॉर्ड पुसायचा असा एकच अर्ज नाहीये. रील्स बघून मुली विचारतात की ताई ते एक्सपंज का काय ते कुठे करून मिळतं, तर ते अमेरिकेतलं आहे, न्यूयॉर्क राज्याने २०१० मध्ये कायदा केला की तस्करीत अडकलेली असताना वेश्याव्यवसायाच्या गुन्ह्यात जी शिक्षा लागली ती कोर्टाकडून रद्द करून घेता येते, मग तिकडच्या बाकी राज्यांनीही तसे कायदे केले. भारतात तस्करीतून सुटलेल्यांसाठी असा वेगळा कायदा नाही. पण म्हणून काहीच होत नाही असंही नाही, होतं, फक्त केस कुठल्या टप्प्यावर थांबलीय त्यावर दरवाजा ठरतो, आणि चुकीच्या दरवाजासमोर वर्षं जातात. हे मी अशांसाठी लिहितेय जे बहिणीबरोबर, भाचीबरोबर किंवा संस्थेतल्या एखाद्या मुलीबरोबर पहिल्यांदाच या कामाला निघालेत. स्वतःच्या केससाठी वाचत असाल तरी चालेल, तुमच्यासाठीच आहे.

ती आरोपी आहे का पीडिता, हे कागदावर बघा

हे सगळ्यात मोठं काम आणि हेच लोक करत नाहीत. पोलिसांनी रेड टाकली, गाडीत बसवलं, स्टेशनला फोटो काढला, मेडिकल झालं, मग संस्थेत ठेवलं, आता एवढं सगळं झाल्यावर कोणतीही बाई म्हणणारच की माझ्यावर केस आहे. पण एफआयआरची प्रत हातात घेऊन बघितली तर बऱ्याचदा आरोपींच्या कॉलममध्ये घरमालकीण, दलाल, लॉजचा मॅनेजर यांची नावं असतात आणि हिचं नाव खाली मजकुरात "पीडित महिला" म्हणून आलेलं असतं. तसं असेल तर साफ करायला काही नाहीच, ती केसमधली साक्षीदार आहे. वर्षानुवर्षं त्या भीतीने पोलीस व्हेरिफिकेशन लागणारी नोकरी टाळलेल्या बायका असतात, म्हणून म्हणते आधी कागद.

तसंच सुधारगृहाचं. पीटा कायद्याच्या (१९५६ चा, अनैतिक व्यापार प्रतिबंधाचा) कलम १७ खाली मॅजिस्ट्रेट सोडवलेल्या बाईला संरक्षणगृहात ठेवायची ऑर्डर करतात, चौकशीनंतर ती एक ते तीन वर्षांचीही असू शकते. आत राहिलेल्या बाईला ती शिक्षाच वाटते आणि खरं सांगू तर मला पण तिचं पटतं, पण कागदोपत्री ती शिक्षा नाही, दोषी ठरवणं नाही. कोणी फॉर्मवर "शिक्षा झाली आहे का" विचारलं तर या ऑर्डरचं उत्तर "नाही" असं आहे.

आता खरंच आरोपी असेल तर कलमं बघा. धंदा करणं हा स्वतःहून गुन्हा नाही, मुंबई हायकोर्टाने सप्टेंबर २०२० मध्ये तीन मुलींना संरक्षणगृहातून सोडताना हे स्पष्ट म्हटलंय, आणि सुप्रीम कोर्टाने मे २०२२ मध्ये सांगितलं की रेडमध्ये सापडलेल्या बायकांना अटक, दंड, त्रास नको. पण बाईवर लागतात ती कलमं साधारण अशी: पीटाचं ७ (सार्वजनिक जागेजवळ धंदा), पीटाचं ८ (गिऱ्हाईकाला बोलावणं), आणि सगळ्यात जास्त बघायला मिळणारं ११०/११७, म्हणजे पोलीस कायद्याखाली रस्त्यावर असभ्य वागणं. जुन्या कागदावर "मुंबई पोलीस कायदा १९५१" असेल, घाबरू नका, तोच आता महाराष्ट्र पोलीस कायदा आहे. चौथा प्रकार अवघड आहे, पीटाचं ३, ४, ५, म्हणजे अड्डा चालवणं, दुसरीच्या कमाईवर जगणं, मुली आणणं. हे अशा बाईवर लागतं जी स्वतः विकली गेली होती पण काही वर्षांनी मालकिणीने तिच्याकडे किल्ल्या दिल्या, पैसे गोळा करायला लावले, फोन उचलायला लावला. रेडच्या दिवशी पैसे तिच्या हातात सापडले की ती आरोपी नंबर दोन. अशी केस असेल तर पुढचं सगळं वाचा पण स्वतः डोकं लावू नका, सरळ वकील.

केस नेमकी कुठली आणि कुठे

नाशिकमध्ये पहिला गोंधळ हद्दीचा. शहरातली स्टेशनं (भद्रकाली, पंचवटी, अंबड, सातपूर, नाशिकरोड वगैरे) आयुक्तालयाखाली, आणि सिन्नर, इगतपुरी, मालेगाव ही सगळी ग्रामीण एसपींखाली ज्यांचं ऑफिस आडगावला आहे. आणि मुलगी नाशिकची असली तरी केस नाशिकचीच असेल असं नाही, नेलेलं असतं मुंबईला नाहीतर सुरतेला, केस तिकडची. जिथे गुन्हा दाखल तिथलंच कोर्ट, गुजरातची केस नाशिकच्या कोर्टात साफ होत नाही. पण अर्ज करायला, वकील मागायला सुरुवात इथून करता येते, ते पुढे सांगते.

हातात काय असायला हवं: गुन्हा नंबर आणि वर्ष, पोलीस स्टेशन, कलमं, कोर्टाचा केस नंबर, आणि शेवटची ऑर्डर. ई-कोर्ट्सच्या ॲपवर जिल्हा निवडून पक्षकाराच्या नावाने शोधता येतं, सापडलं की सोळा अक्षरांचा सीएनआर नंबर मिळतो तो फोटो काढून ठेवा, त्यावरून पुढे सगळं उघडतं. जुन्या केसेस ॲपवर नसतात, त्यासाठी कोर्टात जाऊन रजिस्टर बघायला लावावं लागतं. जिल्हा कोर्ट आपलं सीबीएसजवळ, जुन्या आग्रा रोडला. तिथे नक्कल विभागात नक्कल अर्ज करायचा, त्यावर कोर्ट फी स्टॅम्प, आणि अर्जावर "एफआयआर, दोषारोपपत्र, आरोपीचा जबाब, निकाल" असं एकेक वेगळं लिहायचं. नुसतं "संपूर्ण कागदपत्रं" लिहिलंत तर खिडकीवरचा माणूस अर्ज परत सरकवतो आणि दिवस गेला. झेरॉक्स चालत नाही, सही-शिक्क्याची नक्कलच घ्या, आणि एक घेण्यापेक्षा दोन घ्या कारण एक पोलिसांकडे जाणार.

आणि आता एक अशी गोष्ट जी कुठल्याही माहितीपत्रकात नसते. तिचं नाव केसमध्ये तिचं नसतं. अड्ड्यावर ठेवलेलं नाव, वय "अंदाजे २१", गाव कुठलंतरी, कारण मालकिणीने पढवलेलं असतं की पोलिसांना हेच सांग. मग ॲपवर खऱ्या नावाने काहीच सापडत नाही आणि घरचे म्हणतात चला सुटलो. सुटलात का नाही ते आधी वकिलाला विचारा, स्वतः स्टेशनला जाऊन "ती म्हणजे हीच" असं सांगू नका. बोटांचे ठसे, फोटो फाइलमध्ये असतील तर एक ना एक दिवस जुळू शकतं, नसतील तर उगाच खऱ्या नावाला केस चिकटवल्यासारखं होतं. हा निर्णय तिचा, तुमचा नाही.

वकील फुकट मिळतो, उत्पन्नाचा दाखला लागत नाही

जिल्हा विधी सेवा प्राधिकरण, कोर्टाच्या आवारातच आहे. १९८७ च्या विधी सेवा कायद्याच्या कलम १२ मध्ये मोफत वकील कोणाला याची यादी आहे, त्यात मानवी तस्करीचा बळी हे वेगळं लिहिलंय, आणि स्त्री किंवा मूल हेही वेगळं लिहिलंय. या दोन्हीला उत्पन्नाची मर्यादा नाही. तिथे टेबलावर कोणी तहसीलदाराचा उत्पन्न दाखला आणा म्हणालं तर शांतपणे कलम १२ चं नाव घ्या, भांडू नका, परत तिथेच यायचंय. यायला जमत नसेल तर १५१०० वर फोन करा. केस दुसऱ्या जिल्ह्यातली किंवा राज्यातली असली तरी इथेच अर्ज द्या आणि तिकडच्या प्राधिकरणाला पाठवायची विनंती त्यातच लिहा. हायकोर्टात जायची वेळ आली तर तिथली वेगळी विधी सेवा समिती आहे, आणि नाशिकचं हायकोर्ट म्हणजे मुंबई, संभाजीनगर खंडपीठ नाही, हे पण लोक चुकतात.

वकील मिळाला की पहिल्या भेटीतच तिची सगळी कहाणी परत परत वदवून घेऊ नका. एकदा, निवांत, तिच्या शब्दांत लिहून घ्या, तारखा नसतील तर "दिवाळीच्या आधी", "धाकटा पोटात होता तेव्हा" असं लिहा, आणि मग प्रत्येक ठिकाणी तोच कागद द्या. पाचव्या टेबलावर पाचव्यांदा सांगताना बाई उठून निघून जाते आणि परत येत नाही, मग फाइल कितीही चांगली असो.

त्या वेळी १८ च्या आत होती का?

असेल तर हा सगळ्यात मजबूत रस्ता, म्हणून बाकीच्या आधी हा तपासा. बाल न्याय कायदा २०१५, कलम ९: घटनेच्या दिवशी मी अल्पवयीन होते हा दावा कुठल्याही कोर्टात, कुठल्याही टप्प्यावर, केस संपून गेल्यावर सुद्धा करता येतो. पोलिसांनी "अंदाजे २०" लिहून मोठ्यांच्या कोर्टात चालवली आणि दंड झाला, आज ती तिशीची आहे, तरी करता येतो. वय सिद्ध करायला कलम ९४ चा क्रम आहे, आधी शाळेचा जन्मतारखेचा दाखला किंवा दहावीचं सर्टिफिकेट, ते नसेल तर महापालिका-नगरपालिका-ग्रामपंचायतीचा जन्म दाखला, आणि हे काहीच नसेल तरच हाडांची तपासणी. त्यामुळे आधी गावच्या झेडपी शाळेत जा. पेठ-सुरगाण्याकडच्या मुलींचं नाव पहिली-दुसरीपर्यंत तरी पटावर सापडतं, मुख्याध्यापकांकडून जनरल रजिस्टरचा उतारा घ्या, मुलगी मधेच शाळा सोडून गेली असली तरी तो उतारा मिळतो.

दावा मान्य झाला की कलम २४ लागतं, म्हणजे दोषी ठरल्यामुळे येणारी कुठलीही अपात्रता नाही आणि ठरलेल्या मुदतीनंतर रेकॉर्ड नष्ट करायचं. अपवाद आहे तो १६ ते १८ मधल्या मुलांनी केलेल्या अतिगंभीर गुन्ह्यांचा, ज्यात मोठ्यांसारखा खटला चालला. आणि कलम ७४ म्हणतं की केस संपली असेल तर पोलिसांनी चारित्र्य प्रमाणपत्रासाठी मुलाचं रेकॉर्ड उघड करायचंच नाही. या एका ओळीवर कितीतरी अर्ज सुटतात.

केस अजून चालू असेल तर

चालू केस हा खरंतर बरा टप्पा. दोषारोपपत्र आलंय पण आरोप निश्चित झाले नाहीत तर डिस्चार्जचा अर्ज, म्हणजे खटला न चालवताच आरोपातून मुक्त करा म्हणून. गुन्हाच चुकीचा दाखल झालाय असं दिसत असेल तर हायकोर्टात गुन्हा रद्द करायची याचिका, नवीन बीएनएसएसचं (फौजदारी प्रक्रियेचा नवा कायदा) कलम ५२८, त्याच्या जागी आधी होता त्या जुन्या सीआरपीसीचं ४८२. सरकारी वकील कोर्टाच्या परवानगीने खटला मागे घेऊ शकतात, बीएनएसएसचंच कलम ३६०, पण त्यासाठी वरून मंजुरी हलवावी लागते, संस्थेचं बळ असेल तरच त्या वाटेला जा. १ जुलै २०२४ च्या आधीचं आणि नंतरचं असे कलमांचे दोन नंबर फिरतायत, ते वकिलाला बघू दे, तुम्ही पाठ करू नका.

पोलिसांनी तपासात केस बंद केली असं कोणी तोंडी सांगत असेल तर त्याला अर्थ नाही. अ, ब की क समरी (तपास बंद करायचा पोलिसांचा अहवाल) कोर्टात पाठवली आणि मॅजिस्ट्रेटने ती मंजूर केल्याची ऑर्डर आहे का, ते विचारा. समरी मंजूर व्हायची राहिलेली असते आणि गुन्हा सिस्टीमवर तसाच लटकतो.

बांगलादेशातून आणलेली मुलगी असेल आणि तिच्यावर परकीय नागरिक कायद्याची केस लावली असेल तर गृह मंत्रालयाचं १ मे २०१२ चं परिपत्रक वकिलाच्या हातात द्या, त्यात आहे की स्वतःच्या मर्जीने आलेली नाही असं चौकशीत दिसलं तर दोषारोपपत्र दाखल करू नये, केलं असेल तर केस मागे घेण्याचं बघावं.

शिक्षा किंवा दंड होऊन गेला असेल तर

इथे बहुतेकींचं सारखंच असतं. सकाळी कोर्टात उभं केलं, कोणीतरी म्हणालं कबूल कर, दंड भर आणि संध्याकाळपर्यंत घरी जा, तिने मान हलवली. दंड मालकिणीनेच भरला आणि तो पण तिच्या कर्जात लिहिला. कायद्याच्या भाषेत ही गुन्हा कबुली, म्हणजे दोषी ठरली. कबुलीनंतर अपील जवळजवळ बंद होतं, शिक्षा किती आणि कायदेशीर आहे का एवढ्यापुरतंच करता येतं. पण अपील नाही तिथे सेशन्स कोर्टात रिव्हिजन (खालच्या कोर्टाने बरोबर केलं का ते वरच्या कोर्टाने तपासणं) करता येते: कबुली समजून दिली होती का, भाषा येत होती का (नेपाळी, बंगाली मुलीने मराठीत काय कबूल केलं असेल?), वकील होता का, वय विचारलं का. रिव्हिजनची मुदत ९० दिवस, सेशन्समधल्या अपिलाची ३०, आणि आपल्या केसेस वर्षांनी जुन्या, म्हणून सोबत विलंब माफीचा अर्ज लागतोच. त्यात "माहिती नव्हतं" एवढंच लिहून भागत नाही, कधीपासून कधीपर्यंत कोंडलेली होती, मग संरक्षणगृहात किती, मग आजारपण, असा सलग हिशोब द्या आणि प्रत्येकाला कागद जोडा.

निकाल पूर्ण फिरत नसेल तर वकिलाला प्रोबेशनबद्दल विचारा. १९५८ च्या प्रोबेशन कायद्याखाली समज देऊन किंवा चांगल्या वर्तणुकीच्या हमीवर सोडता येतं, अपील-रिव्हिजनचं कोर्टही हे करू शकतं, आणि त्याचं कलम १२ सांगतं की असं सोडल्यावर दोषी ठरण्याची अपात्रता चिकटत नाही. रेकॉर्ड पुसलं जात नाही, पण त्याचा दात काढला जातो.

तस्करी झाली हे दाखवायचं कशावरून

तिला नेणाऱ्यावर कधी गुन्हा दाखल झाला असेल तर तो एफआयआर हाच सगळ्यात मोठा पुरावा, जुन्या आयपीसीचं ३७०, आता बीएनएसचं (आयपीसीच्या जागी आलेला कायदा) १४३, आणि त्यात स्पष्ट आहे की पीडितेची संमती होती का नव्हती हा मुद्दाच गैरलागू. शिवाय हरवल्याची जुनी तक्रार, रेडचा पंचनामा, बालकल्याण समितीची ऑर्डर, प्रोबेशन ऑफिसरचा गृहचौकशी अहवाल, सिव्हिलचे केसपेपर, मॅजिस्ट्रेटसमोरचा जबाब. तस्करी म्हणजे फक्त धंदा नव्हे हे पण लक्षात ठेवा, इगतपुरीच्या कातकरी पोरांना मेंढ्या राखायला दिल्याचं २०२२ मध्ये उघड झालं तीही तीच गोष्ट, आणि अशा मुलावर मालकाने चोरीची केस टाकली असेल तर १९७६ च्या वेठबिगारी कायद्याखालचा मुक्तीचा दाखला जपून ठेवा. नोकरीच्या नावाने कंबोडिया-म्यानमारला नेऊन ऑनलाईन फ्रॉड करायला लावलेली पोरं आता परत येतायत, त्यांच्या केसेसमध्ये पासपोर्ट काढून घेतल्याचे मेसेज, पगार न मिळाल्याचे चॅट हेच कागद आहेत, फोन फॉरमॅट करू नका.

जबरदस्तीने केलं हा बचाव बीएनएसच्या ३२ मध्ये आहे पण तो तत्काळ मृत्यूच्या भीतीपुरता, फार अरुंद. त्याच्या एकट्याच्या भरवशावर राहू नका.

ऑर्डर हातात आली, आता पळू नका

कोर्टाचा निकाल आपोआप पोलिसांच्या सिस्टीमवर चढेल असं धरून चालू नका. नक्कल घेऊन ज्या स्टेशनचा गुन्हा तिथे अर्ज द्या, "अमुक गुन्ह्यात अमुक तारखेला निर्दोष मुक्तता झाली, सीसीटीएनएसमध्ये नोंद अद्ययावत करावी" (सीसीटीएनएस म्हणजे पोलिसांची गुन्ह्यांच्या नोंदीची कॉम्प्युटर सिस्टीम), आणि दुसऱ्या प्रतीवर आवक शिक्का, तारीख, सही घ्या. शिक्का नसेल तर अर्ज दिलाच नाही असं समजा. थोडे आठवडे जाऊ द्या आणि मग चारित्र्य पडताळणीचा ऑनलाईन अर्ज करून बघा. तरीही जुनं दिसलं तर शहराचं असेल तर आयुक्तालय, ग्रामीणचं असेल तर आडगाव, तिथे नक्कल आणि आवक शिक्क्याची प्रत जोडून लेखी अर्ज.

अंबड-सातपूरच्या कंपन्यांमध्ये ठेकेदार व्हेरिफिकेशन मागतोच. फॉर्मवर जेवढं विचारलंय तेवढंच, पण खरं लिहा. सुप्रीम कोर्टाने २०१६ मध्ये अवतार सिंग केसमध्ये म्हटलं की माहिती लपवली तर नोकरी जाऊ शकते, पण क्षुल्लक प्रकरण असेल तर मालकाने सगळी परिस्थिती बघून ठरवावं. "शिक्षा" विचारली असेल आणि सुटली असेल तर उत्तर नाही, "कधी गुन्हा दाखल झाला का" विचारलं असेल तर हो, आणि मागे निकालाची प्रत.

पासपोर्टला केस चालू असेल तरी कोर्टाची परवानगी घेऊन मर्यादित मुदतीचा मिळू शकतो. झालेल्या शिक्षेवरून नकार देता येतो तो गेल्या पाच वर्षांत किमान दोन वर्षांची कैद झाली असेल तर, त्यामुळे ११०/११७ च्या दंडाने पासपोर्ट अडला असं एजंट सांगत असेल तर त्याच्याकडून नकाराचं कारण लेखी मागा.

राहिलं इंटरनेट. निकाल कायद्याच्या वेबसाइट्सवर नावासकट येतात आणि गूगलला दिसतात. केस चालू असतानाच वकिलाला नाव झाकायचा अर्ज द्यायला सांगा, नंतरपेक्षा तेव्हा सोपं जातं. नंतर असेल तर हायकोर्टात मागता येतं, दिल्ली हायकोर्टाने २०२१ मध्ये निर्दोष सुटलेल्या एका माणसाचा निकाल सर्चमधून हटवायला सांगितला होता, तो आपल्याकडे बंधनकारक नाही पण दाखवायला उपयोगी. लोकल यूट्यूब चॅनेलवाल्यांनी रेडचा व्हिडिओ टाकलेला असेल तर लिंक, स्क्रीनशॉट आणि तारीख आधी सेव्ह करा आणि मगच काढायला सांगा, आधी फोन केलात तर ते व्हिडिओ काढून टाकतात आणि तुमच्याकडे तक्रारीला काही राहत नाही.